न बसायची खुर्ची

आमच्या घरात दोन प्रकारच्या वस्तू आहेत. एक वापरायच्या आणि दुसऱ्या ताईच्या. पाहुणा दारात आला की चपला काढायच्या आत त्याला हा फरक समजावून सांगावा लागतो. नाहीतर तो भरलेला कप बिनधास्त कापडाच्या टेबलावर ठेवतो, कप कलंडतो, आणि मग आम्हाला टेबल पिळून वाळत घालावं लागतं. हे मी गमतीनं सांगत नाहीये. आमचं टेबल गॅलरीत दोन दोऱ्यांवर उलटं लटकलेलं सगळ्या शेजाऱ्यांनी पाहिलंय.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. लग्न केलं नाही, माझ्याकडेच असते. म्हणजे असं मी म्हणतो. तिच्या मते मी तिच्याकडे असतो. पोटासाठी ती पडदे शिवते, आणि पडद्यांच्या चुण्या तिच्यासारख्या कुणाला जमत नाहीत असं गिऱ्हाइकंच म्हणतात. पण ते झालं पोटाचं. तिचं स्वतःचं काम वेगळं. आम्ही ज्या घरात लहानाचे मोठे झालो ते घर आता राहिलेलं नाही, तर त्यातली एकेक वस्तू ती कापडाची करते, खऱ्या मापाची. कापडाची शेगडी, कापडाचं पातेलं, नळ, आणि नळातून पडणारं पांढऱ्या दोऱ्यांचं पाणी. एक कपाटही आहे. ते कुणीतरी मागून धरलं तरच उभं राहतं, आणि धरणारा बहुतेक वेळा मीच असतो. ताईची प्रदर्शनं झाली आहेत. एकदा पेपरात फोटोही आला होता. त्या फोटोत कपाट आहे आणि नीट पाहिलं तर कपाटाखाली माझे बूट आहेत. माझं नाव नव्हतं.

मी स्वतः कलाबिला काही करत नाही. वीज कंपनीच्या तक्रारखिडकीत बसतो. लोक येतात, माझ्यावर ओरडतात, मी त्यांच्यावर ओरडतो, आणि संध्याकाळी सगळ्यांकडे वीज असते. बसणं हाच माझा धंदा. माझी बसायची तऱ्हा मात्र ऑफिसात कुणाला पसंत नाही. डावा पाय दुमडून खाली घ्यायचा, डावीकडे कलायचं आणि उजवा पाय लोंबता ठेवून हलवत राहायचं. माझी प्रत्येक खुर्ची डावीकडून खचते. नवीन खुर्ची मागितली की आमचा स्टोअरवाला विचारतो, बसता की कुस्ती खेळता. बायको म्हणते, "अहो, सरळ बसा हो, कंबर जाईल." गेली नाही अजून.

तर त्या कापडी घरात सगळं झालं होतं, राहिली होती फक्त आईची खुर्ची. आईची लाकडी आरामखुर्ची होती, खिडकीशेजारी, जिन्याच्या बाजूला. आई जाण्याच्या आधीच खुर्चीला वाळवी लागली आणि आईच्या मागोमाग खुर्चीही गेली. ताईला ती करायची होती आठवणीतून, कारण फोटोंचा उपयोग नाही. आईच्या एकूण एक फोटोत ती खुर्ची आहे, आणि एकाही फोटोत दिसत नाही. दिसणार कशी, वर आई बसलेली.

किती वर्षं ती खुर्ची शिवत होती याचा हिशेब मी सोडून दिला होता. ती कापूस आणि चिंध्या ठासून भरायची, दाभणानं शिवायची, चार पावलं मागे जाऊन बघायची आणि म्हणायची, "दुकानातली वाटते रे छोट्या. आपली नाही." आणि उसवायची. छोट्या म्हणजे मी. माझं वय आणि वजन दोन्ही बघता हे नाव कुणी चारचौघांत घेऊ नये, पण ती घेते. खुर्ची चांगली ठणठणीत होती, पाय लोडासारखे, हात रुंद, पाठ ताठ. माझं म्हणणं एकच होतं की एवढी जागा अडवतेय तर निदान बसू तरी दे. तर तिनं हातापासून हातापर्यंत दोरी बांधून टाकली. घरातल्या खुर्चीला दोरी. मी रोज ऑफिसातून यायचो, त्या दोरीकडे बघायचो आणि जमिनीवर बसून मोजे काढायचो.

अशात एक दिवस ताईनं जाहीर केलं की ती शाळेत जाणार आहे.

मला वाटलं शिकवायला. तर नाही, शिकायला. पन्नाशी उलटलेली बाई. ती म्हणाली, शाळा तात्पुरती आहे, एका मोसमापुरती. ज्यांची कामं चालू आहेत, प्रदर्शनं झाली आहेत अशाच कलाकारांसाठी. शिक्षक नाहीत, परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही. मी विचारलं, मग शाळा कशाला म्हणायची, सरळ सहल म्हणा. त्यावर ती एकदम गंभीर झाली. म्हणाली, कॉलेज सुटलं की आम्हाला खरं सांगणारं कुणी उरत नाही. घरात एकटंच काम करायचं, वर्षा-दोन वर्षांनी भिंतीला टांगायचं, लोक येतात, छान म्हणतात आणि वेफर्स खाऊन जातात. छान ऐकून ऐकून माझे कान किटलेत. मीही आजवर छानच म्हणत आलो होतो, तेही कपाटाच्या मागून.

मग ती दुसरं बोलली, पडद्याला कड्या अडकवता अडकवता, माझ्याकडे न बघता. "या शाळेत खुर्ची पुरी झाली तर झाली. नाहीतर सगळं उसवणार आहे मी. कपाट, शेगडी, सगळं. पडदे शिवीन नि गप राहीन."

मी म्हणालो, बरं होईल, हातपाय पसरायला जागा होईल. असं तोंडानं म्हणालो.

शाळा भरायची एका बंद पडलेल्या चपलांच्या दुकानात. नवा भाडेकरू येईपर्यंत मालकानं किल्ली दिली होती. रिकामी फडताळं, चपला घालून बघायची बुटकी स्टुलं, आणि भिंतीच्या पायथ्याशी ते तिरके आरसे, ज्यात माणूस फक्त कमरेपर्यंत दिसतो. घरच्या लोकांना एक दुपार बघायला बोलावलं होतं म्हणून मी नि बायको गेलो, तर आरशात पंधरा-वीस जोड्या पायांच्या आणि डोकं एकाचंही नाही. बायको माझ्या कानाला लागली की ऑफिसातही असंच असतं का.

शाळा सुरू करणारी एक तरतरीत मुलगी होती. मुख्याध्यापिका म्हटलेलं तिला चालत नसे, म्हणून मी तिला घंटावाली म्हणतो, कारण तिच्या हातात कायम एक पितळी घंटा. नियम तिनं सांगितले. शाळेत पुरं झालेलं काम आणायचं नाही, अडलेलंच आणायचं. ज्याच्या कामावर बोलणं चाललंय त्यानं तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. आणि शेवटी चिठ्ठ्या टाकून प्रत्येकानं आपलं अडलेलं काम दुसऱ्याच्या हवाली करायचं, त्या दुसऱ्यानं ते पुरं करायचं, आणि मालकानं ते मुकाट घ्यायचं.

त्या दिवशी घरचे येणार म्हणून अडलेल्या कामाचा नियम सैल करून ताईचा नळ मध्ये ठेवला होता. ताई स्टुलावर तोंड मिटून बसली होती आणि सगळे बोलत होते. एक जण म्हणाला, हे पाणी म्हणजे न बोललेलं बोलणं आहे. दुसरी म्हणाली, मला यात एक आवळलेली मूठ दिसते. तिसऱ्याला त्यात सत्ता दिसली. तिथपर्यंत मी सहन केलं. मग म्हणालो, "अहो, तो नळ आहे. आमच्या मोरीतला. नीट बंद होत नसे." घंटा वाजली. घंटावालीनं अतिशय गोड शब्दांत मला बाहेर जायला सांगितलं. एवढ्या वयात मला वर्गाबाहेर उभं केलं, आणि माझी सख्खी बायको आत बसून राहिली, तिला म्हणे ऐकायचं होतं.

बाहेर उभा असताना एक किडकिडीत माणूस आला आणि शेजारी उभा राहिला. जाड काचांचा चष्मा, खिशात ब्लेडचं पाकीट. त्यालाही बाहेर काढलं होतं, कारण त्यानं शाळेच्या टेबलाचा एक पाय काढून पाहिला होता, टेबल उभं राहतं का ते. राहिलं नव्हतं. याला सगळे काटछाट म्हणायचे. त्याची कला म्हणजे काढून टाकणं. एका दारावरचा रंग त्यानं असा खरवडला होता म्हणे की शेवटी फक्त कुलपाचं भोक शिल्लक. एक स्वेटर उसवत उसवत नुसती बटणं ठेवली होती. मी म्हटलं, मग घरी जेवायला बसताना काय काढता. त्यानं बराच विचार केला आणि म्हणाला, "बोलणं." मला माणूस बरा वाटला.

बरा वाटला तो चिठ्ठ्या निघेपर्यंत. चपलांच्या खोक्यातून चिठ्ठ्या काढल्या आणि ताईची खुर्ची गेली काटछाटच्या वाट्याला. ताईच्या वाट्याला त्याचा कोट आला. बाह्या, कॉलर, अस्तर सगळं काढून टाकलेला, नुसती पाठ उरलेला कोट. ताईनं त्याला मानेशी एक बारीक फास शिवला, खुंटीला अडकवायचा, आणि झालं तिचं. काटछाट म्हणे तो फास बघून इतका खूश झाला की चष्मा पुसायला लागला. पण खुर्चीचं काय. ताई घरी येऊन भिंतीला टेकून बसली. जेवली नाही. बायको म्हणाली, "वन्सं, परत मागून घ्या ना सरळ." ताई म्हणाली की शब्द दिलाय. मग म्हणाली, पाय कापेल तो. किंवा पाठ. त्याला दुसरं येतं काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारामागे दोन रिकामी पोती दिसली, घडी घालून ठेवलेली, आणि वर तिची उसवायची बारकी कात्री. पोती कशाला हे मी विचारलं नाही. कपाट, शेगडी, नळ उसवला की चिंध्या कशात तरी भरायला लागणारच. खरं सांगतो, त्या कापडी पसाऱ्याला मी जन्मभर शिव्या घातल्या, पण ती पोती बघून मला रडू आलं. आमचं घर एकदा गेलं होतं. आता दुसऱ्यांदा जाणार होतं, आणि या खेपेला तिच्याच हातानं.

म्हणून ऑफिसात दांडी मारून मी काटछाटला गाठलं. तो एकटाच दुकानात होता, जमिनीवर मांडी घालून खुर्चीकडे बघत. मी तक्रारखिडकीतला माणूस, विनंती करायची मला सवय नाही, त्यामुळे विनंतीही भांडल्यासारखीच झाली. म्हटलं, हे बघा, त्या खुर्चीचा एक टाका जरी कापलात तर गाठ माझ्याशी आहे. ती आमच्या आईची आहे. तो म्हणाला, "हिच्यावर कुणी बसलंय?" मी म्हटलं, बसतंय कोण, दिसत नाही का दोरी, मी घरचा माणूस असून मला मज्जाव, जमिनीवर बसून मोजे काढतो मी. आणखी बरंच बोललो, वर्षानुवर्षांचं साचलेलं. तो "हं" म्हणाला आणि पुन्हा बघत बसला. मी तणतणत घरी आलो. काही फायदा झाला असं वाटलं नाही.

शाळेचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारनंतर नव्या भाडेकरूचे सुतार येणार होते, म्हणून सगळं सकाळीच उरकायचं होतं. बायकोनं सगळ्यांना पुरेल एवढा डबा केला. ताईनं पोती आणि कात्री माझ्याकडे दिली, दाभण आणि दोऱ्याचं रीळ स्वतःच्या पिशवीत टाकलं. मी म्हटलं, पोती राहू दे की घरी. ती म्हणाली, धर. डब्याची पिशवी एका हातात, पोती काखेत, असा घामाघूम होऊन मी त्या दुकानात शिरलो. सगळ्यांची कामं मांडलेली होती, खुर्चीवर चादर टाकली होती.

काटछाटनं चादर काढली. खुर्ची जशीच्या तशी. पाय जागेवर, पाठ जागेवर, टाका न टाका जागेवर. लोक जवळ जाऊन, वाकून बघायला लागले की यानं काढलं तरी काय. ताईकडे बघवेना. तोंड मिटून स्टुलावर बसली होती, नियमच होता, पण डोळ्यांत सरळ लिहिलेलं होतं की संपलं, ती होती तशी परत आली. मग काटछाटनं खिशात हात घातला आणि दोरी बाहेर काढली.

"एवढंच काढलं," तो म्हणाला. आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "बसा."

मी ताईकडे पाहिलं. तिला बोलायची सोय नव्हती. बायकोनं माझ्या हातातली डब्याची पिशवी काढून घेतली. मी चपला काढल्या आणि बसलो. जीव मुठीत धरून बसलो, कारण माझ्या वजनाखाली ती फाटली असती तर मी कुठल्या तोंडानं घरी गेलो असतो. कापूस हुस्स करून खाली गेला, खुर्चीचा डाव्या बाजूचा पाय जरा वाकला, मी कललो आणि थांबलो. फाटली नाही. छान होती बसायला. आता बसलोच आहे म्हटल्यावर माझा डावा पाय आपोआप दुमडून खाली गेला आणि उजवा हलायला लागला.

चर्चा सुरू झाली. एक जण म्हणाला, खुर्चीपेक्षा माणूस जास्त भरलेला वाटतो. नळात मूठ बघणारी ती बाई म्हणाली, हा माणूस कायमचा ठेवायचा आहे का, कारण नंतर हलवायला अवघड जाईल. मी तोंड उघडलं. घंटा वाजली. घंटावाली म्हणाली, काम स्वतः बोलत नाही. म्हणजे मी आता काम होतो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर लोक इतका वेळ बोलत होते आणि मला उलट ओरडता येत नव्हतं. घामाचे ओघळ कुणाला अर्थपूर्ण वाटले, ते मी मुकाट ऐकून घेतलं, ताईसाठी.

ताई मात्र माझ्याकडे बघतच नव्हती. ती बघत होती भिंतीच्या पायथ्याशी, त्या तिरक्या आरशात. मीही मान वळवून पाहिलं. आरशात माझं डोकं नव्हतं, पोटही नव्हतं. होती फक्त डावीकडून खचलेली ती बैठक, एक पाय गडप झालेला, आणि एक पाय लोंबत हलत असलेला. जिन्यात कोण आलं ते ऐकायला आई कलायची तशी.

माझा पाय थांबला. ताई उठली, पिशवीतून दाभण घेतलं आणि माझ्याकडे आली. मला वाटलं तिला आता काम करायचंय, तर जागा करून द्यावी, म्हणून मी हातांवर जोर देऊन उठायला लागलो. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. सगळा मोसम पाळलेला नियम तिनं तिथं मोडला.

"उठू नकोस छोट्या," ती म्हणाली. "पाय हलव."

घंटा वाजली नाही. मी पाय हलवत राहिलो आणि ती माझ्याभोवतीनं शिवत राहिली. खचलेलं कापड जिथं दुमडलं होतं तिथं टाके, वाकलेल्या पायाला टाके, हाताच्या रुंद भागावर जिथं माझं कोपर रुतलं होतं तिथं टाके. दोन वेळा दाभण माझ्या मांडीला लागलं. मी चकार शब्द काढला नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते बाहीला पुसत ती शिवत होती. सुतार आले आणि दारातच उभे राहिले. शेवटची गाठ तिनं माझ्या गुडघ्याजवळ मारली, दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "झाली."

हा शब्द मी तिच्या तोंडून त्या खुर्चीबद्दल कधी ऐकला नव्हता. मग तिनंच हात देऊन मला उठवलं. खळगा तसाच राहिला. चार पावलं मागे जायची तिला गरज पडली नाही.

काटछाटनं फक्त दोरी मागितली, ताईनं दिली. ती त्यानं घरी खिळ्याला टांगलीय आणि ते आपलं सगळ्यात चांगलं काम आहे असं तो सांगतो. पोत्यांमध्ये आम्ही रिकामे डबे भरून आणले. खुर्ची आता खिडकीशेजारी आहे, जिन्याच्या बाजूला. मी ऑफिसातून येतो, तिच्यावर बसून मोजे काढतो आणि बसून राहतो. खळगा भरून येऊ नये म्हणून रोज थोडा वेळ बसायचं असं ताईनं बजावलंय. ती खाली जमिनीवर पडदे पसरून बसते, आई असताना बसायची तशी, आणि शिवता शिवता दिवसभरातलं सगळं सांगत राहते. ते ती मला सांगत नसते, हे मला कळतं. मी मध्ये बोलत नाही.